सगळे रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र तसाच

देवगडजवळच्या एका गावातून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. वय ४६, घरची हापूसची बाग. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ताप येऊन सगळे सांधे धरले होते. ताप आठवड्यात गेला, पण तेव्हापासून अंग ठणकतं, उठून उभं राहिलं की डोकं हलकं होतं, छातीत धडधडतं, पोट फुगतं, झोप लागत नाही, आणि अधूनमधून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. रक्त, लघवी, ईसीजी, टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, मेंदूचा एमआरआय, सगळं करून झालं. एका डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही.’ घरात यजमान आणि सासूबाई म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मुंबईतला मुलगा म्हणतो, इकडे ये, पुन्हा एमआरआय करू, लागलं तर पेट स्कॅनही करू. ताईंनी शेवटी विचारलंय, ‘मला वेड तर लागत नाही ना?’

ताई, नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यात वेडाची एकही खूण नाही. त्रास खरा आहे. तो तुम्ही ओढवून घेतलेला नाही, आणि कागदावर उमटला नाही म्हणून खोटाही ठरत नाही.

सिंधुदुर्गात मी बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. तुमच्यासारखा पेशंट ओपीडीत आला नाही असा दिवस क्वचितच जातो: हातात जाड फाइल, पिशवीत फिल्म आणि बरोबर थकलेला नातेवाईक. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमच्या त्रासाला मी नाव देणार नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. नाव सापडेपर्यंत उपचार थांबवून ठेवायचे नसतात. तुमची दोन वर्षं तपासण्यांत गेली आणि उपचार म्हणावा असा एकही नीट सुरू झाला नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, कुठे डाग आहे का. दुखण्याचे संदेश मेंदूपर्यंत किती जोराने पोचताहेत हे त्या फिल्मवर दिसत नाही. एंडोस्कोपीत जठराचं अस्तर दिसतं, व्रण असला तर दिसतो. जेवणानंतर आतडं किती जोरात आवळतं हे दिसत नाही. साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. तुमची धडधड रात्री होत असेल आणि ईसीजी सकाळी अकराला, नाडी शांत असताना काढला असेल, तर त्या धडधडीबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नाही. म्हणूनच अशा वेळी चोवीस तास ठोके नोंदवत राहणारा होल्टर लावतात. तो तुमच्या यादीत नाही.

म्हणजे तपासण्या फुकट गेल्या का? अजिबात नाही. मेंदूत गाठ नाही, हृदयाची हालचाल चांगली आहे, जठरात व्रण नाही, हे कळलं. तो दिलासा पक्का धरून ठेवा. पण त्यातून ‘काही झालेलं नाही’ असा अर्थ निघत नाही. अर्धशिशीचं उदाहरण घ्या. तिचं निदान जगातल्या कुठल्याच मशीनवर होत नाही. पेशंट सांगतो, डॉक्टर खोदून विचारतो, अंग तपासतो आणि निदान ठरतं. एमआरआय नॉर्मल आला म्हणून अर्धशिशीवाल्याला कोणी खोटं पाडत नाही. आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार, ज्याला सगळे आयबीएस म्हणतात, तोही असाच ठरतो. २०१६ साली ठरलेल्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणं, आणि त्या दुखण्याचा संडासला जाणं, ती किती वेळा होते आणि ती कशी होते, यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध असणं, हे बघतात. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखणं, थकवा आणि सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं न वाटणं, हेही विचारून आणि तपासून ठरतं.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. कारण आपल्याकडे निदान मशीनमधूनच निघतं असा समज झालाय, आणि त्याला आम्ही डॉक्टरही जबाबदार आहोत. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब तासन्‌तास पाहिला आणि त्या निरीक्षणातून प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला. तोही कोकणच्याच मातीत. बघणं आणि ऐकणं हीसुद्धा तपासणीच आहे.

आता ‘कारण सापडत नाही’ असं म्हणण्याआधी काय राहून गेलं असेल ते बघू. इथे मी रेंगाळणार आहे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींना खर्च फारसा नाही.

सगळ्यात आधी उभं राहून केलेली नाडीची तपासणी. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहायचं, नाडी आणि रक्तदाब मोजायचा. मग उभं राहायचं आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतोय. दाब फारसा न पडता नाडी मात्र दहा मिनिटांत ३० ठोक्यांहून जास्त वाढली आणि त्याबरोबर डोकं हलकं होणं, धडधड हे सगळं झालं, तर तो वेगळा विकार असतो. तापाच्या आजारानंतर तो सुरू झालेला दिसतो. याला घड्याळ आणि बीपीचं मशीन पुरतं. तरीही बहुतेकांचं बीपी खुर्चीत बसवून एकदाच घेतलेलं असतं. हे करताना बरोबर कोणीतरी असू द्या, आणि भोवळ आली तर लगेच बसा.

दुसरं, फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं की ‘रक्त चांगलं आहे’ म्हणून पुढे जातात. पण शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याच्या बऱ्याच आधी संपत येतो. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा रिकामा, आणि ३० च्या खाली असेल तरी थकवा असताना बरेच डॉक्टर उपचार करतात. तुमचं वय ४६. पाळी अनियमित झालीय का, अंगावरून जास्त जातंय का, रात्री दरदरून घाम येतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा कोणी विचारलंही नसेल. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत धडधड, झोपमोड, सांधेदुखी हे सगळं होऊ शकतं. फेरिटिनबरोबर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ झालेलं नसेल तर तेही करून घ्या. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल, तर बी-१२ बघायलाच हवं.

तिसरं, तो ताप. पावसाळ्यातला ताप आणि धरलेले सांधे म्हटलं की चिकुनगुनिया आधी डोक्यात येतो. २००६ च्या मोठ्या साथीनंतर महाराष्ट्राला तो चांगला ओळखीचा झालाय. त्यातली सांधेदुखी काही जणांत महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं टिकते. तेव्हाच्या तपासणीचा कागद असेल तर शोधा. सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील किंवा सांधे सुजत असतील, तर संधिवातासाठी वेगळं तपासलं पाहिजे. आपल्या भागात लेप्टो, डेंग्यू, आणि २०१६ पासून दोडामार्गकडे माकडताप, यातला कुठलाही आजार होऊन गेल्यावर अशक्तपणा बराच काळ रेंगाळू शकतो. कोविडनंतरचा थकवा तर सगळ्यांनी पाहिलाय. जंतू गेला तरी शरीर पूर्वपदावर यायला वेळ लागतो, आणि काहींमध्ये ती घडी नीट बसतच नाही.

चौथं, बाग. मोहोर आल्यापासून फवारण्या सुरू होतात. फवारणी कोण करतं, औषध कोण कालवतं, ते कपडे घरात कोण धुतं? डोकं दुखणं, मळमळ, अशक्तपणा त्या दिवसांत ठळक वाढत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही कीटकनाशकांचा परिणाम कोलिनएस्टरेज नावाच्या रक्ततपासणीत कळतो, पण ती वेळेवर करावी लागते.

पाचवं सांगायला संकोच वाटतो म्हणून मीच विचारतो. मशेरी लावता का? किनाऱ्यावरच्या बायका मला हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात, तेही नवरा बाहेर गेल्यावर. मशेरी म्हणजे तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने नाडी वाढते, छातीत जळजळतं, झोप उडते. सकाळी उपाशीपोटी मशेरी आणि वर कोरा चहा, असं असेल तर धडधडीचा काही भाग तिथेच सापडेल. यात तुम्हाला नावं ठेवायचा प्रश्न नाही. पण डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि शेवटी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. आयुर्वेदिक पुड्या, मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, कोणी दिलेलं ‘ताकदीचं औषध’, सगळं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. काही पुड्यांत स्टेरॉइड निघतं. घेतलं की दोन दिवस बरं वाटतं आणि थांबवलं की माणूस कोसळतो. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं पाहून झाल्यावरही काही सापडलं नाही, तरी त्रासाला कारण नाही असं होत नाही. कारण वेगळ्या जागी असतं.

१९८३ साली क्लिफर्ड वूल्फ या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होतात, आणि मग साधा स्पर्शही वेदनेसारखा वर पोचतो. म्हणजे बिघाड हातात किंवा गुडघ्यात नसतो, तो संदेश वाहून नेणाऱ्या यंत्रणेत असतो. वाडीत एकदा बिबट्या येऊन गेला की राखणीचा कुत्रा पुढे कित्येक रात्री पान पडलं तरी भुंकतो. कुत्रा खोटं भुंकत नाही. बिबट्या मात्र आता तिथे नसतो. तुमचा ताप तो बिबट्या होता, असं असू शकतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अशा वेदनेला स्वतंत्र वर्ग दिला: ऊतीला इजा दिसत नाही, नस कापलेली नाही, पण वेदना वाहणारी व्यवस्थाच बदललेली आहे. आतड्याचंही तसंच. जुलाबाच्या आजारानंतर काही जणांचं आतडं इतकं हळवं होतं की नेहमीचा वायूसुद्धा दुखतो.

मुंग्यांबद्दल वेगळं सांगतो. धडधड झाली की घाबरून श्वास भराभर होतो, कधी आपल्या लक्षातही येत नाही. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्तातल्या कॅल्शियमचा कामात येणारा भाग घटतो, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटं वळतात. बघणाऱ्याला वाटतं झटका आला, आणि भीती आणखी वाढते. अशा वेळी श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावायचा, असं पाच-सात मिनिटं करायचं. त्याने मुंग्या ओसरल्या तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मात्र मुंग्या कायम असतील, पायांपासून वर चढत असतील, किंवा एकाच बाजूला असतील, तर त्याला श्वासाचं कारण चिकटवू नका, दाखवायला या.

आता ‘मनाचे खेळ’. घरच्यांनी हे शब्द वापरले म्हणून मला राग येत नाही, कारण दोन वर्षं तेही घाबरलेले आहेत. पण हे शब्द थांबायला हवेत. ते ऐकलं की माणूस पहिल्यांदा आपला त्रास सिद्ध करायला धडपडतो, जास्त तपासण्या मागतो, आणि मनात खरोखर काही बोचत असलं तर तेही लपवतो, कारण ते कबूल केलं की घरचे म्हणणार, बघा, आम्ही म्हणत होतो ना. मन आणि शरीर यांची वाटणी आपण जितकी सरळ समजतो तितकी ती नसते. मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणानेही २०१३ च्या आवृत्तीत ‘वैद्यकीय कारण सापडलं नाही’ ही अट अशा निदानातून काढून टाकली. कारण सापडलं नाही, यावरून कोणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही, हे त्यांनीही मानलं.

तरी मी तुम्हाला हे विचारणारच: पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही असं होतं का? ज्या गोष्टी आवडायच्या त्यांत रस उरलाय का? जगणं नको वाटतं का? याचं उत्तर हो असेल तर तेही आपण त्याच गांभीर्याने बरं करू, सांधेदुखीबरोबर, तिच्याऐवजी नाही. जगणं नको वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेलीमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावायचा. तो चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

देवाला गाऱ्हाणं घालायला माझा विरोध नाही. माझे कितीतरी पेशंट कौल लावून मग माझ्याकडे येतात. गाऱ्हाणं घाला, मनाला आधार मिळतो. पण बाधा काढायला कोणी दागिने मागत असेल, औषधं बंद करायला सांगत असेल, किंवा मारझोड करत असेल, तर तिथून निघा.

उपचाराकडे वळू. पहिली गोष्ट औषधाची नाहीच. एक डॉक्टर ठरवा. कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी, मुंबई असं फिरत राहिलात तर प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि त्याच तपासण्या पुन्हा लिहितो. जवळचा फिजिशियन किंवा विश्वासातला फॅमिली डॉक्टर चालेल, फक्त ऐकून घेणारा हवा. त्यांना सांगा की मला ठरलेल्या तारखेला यायचंय, महिना-दीड महिन्याने, त्रास वाढलेला असो वा नसो. यात मोठा फायदा आहे. डॉक्टरांची भेट मिळवण्यासाठी त्रास वाढण्याची वाट बघावी लागत नाही, आणि डॉक्टरांनाही तुमचा चांगला दिवस कसा असतो ते कळतं. जाताना फाइलच्या वर एक कागद लावा: कधी काय सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, काय तपासलं, काय घेतलं. एकच पान. ते पान मी पाच मिनिटांत वाचतो. शंभर पानांची फाइल ओपीडीत वाचून होत नाही, हे खरं आहे.

औषधांत एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर तुम्ही ती दुसऱ्या दिवशी बंद कराल. अंगभर दुखणं, अर्धशिशी, आयबीएस यांत रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देतात, बहुतेकदा १० मिलिग्रॅमपासून. मोबाइलवर शोधलंत तर ती नैराश्याची गोळी म्हणून दिसेल आणि वाटेल, डॉक्टरांनीही मला वेडी ठरवलं. नैराश्यासाठी ती याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. छोट्या मात्रेत ती वेदनेच्या संदेशांना आवर घालते आणि झोप सुधारते. २०२३ साली ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत आयबीएसच्या रुग्णांना तिचा फायदा झाल्याचं दिसलं. सकाळी थोडी सुस्ती येते, तोंड कोरडं पडतं, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ती चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नका.

सलाईन, बी-१२ ची इंजेक्शनं आणि ताकदीच्या सुया यांवर तुमचे पैसे गेले असतील. पाणी तोंडाने घेता येत असेल तर सलाईनमध्ये पाणी आणि मिठापलीकडे फार काही नसतं. ड जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची सुई पुन्हा पुन्हा घेणं तर धोक्याचं आहे. कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

उभं राहिल्यावर नाडी वाढते असं निघालं, आणि बीपी, हृदय, मूत्रपिंड ठीक असेल, तर मीठ आणि पाणी वाढवायला सांगतात. एप्रिल-मेच्या घामात तर ते हवंच. सकाळी मिठाची पेज, दुपारी मीठ घातलेलं कोकम सरबत, उठताना आधी कुशीवर, मग बसून, मग उभं राहणं, मांडीपर्यंतचे घट्ट मोजे. साधं वाटतं, पण यावर पुन्हा चूल-शेत सांभाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

कामाची विभागणी हा सगळ्यात अवघड भाग. बरं वाटलं की साठलेली सगळी कामं एका दिवसात उरकायची आणि मग चार दिवस अंथरूण धरायचं, हे चक्र मी प्रत्येक चतुर्थीच्या आधी बघतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या दिवसांतही तेच. तुमचा सगळ्यात वाईट दिवस धरा, त्या दिवशी जेवढं झेपतं तेवढंच काम पहिले दोन आठवडे रोज करा, चांगल्या दिवशीही तेवढंच. मग अगदी थोडं वाढवा. पण थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी सगळं अंग कोसळत असेल, ताप आल्यासारखं वाटत असेल, तर ठरवून व्यायाम वाढवत नेऊ नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली अशा थकव्याच्या आजारात ती पद्धत शिफारशींतून काढली, आणि ते योग्यच केलं. तिथे ताकदीच्या आत राहणं हाच उपचार.

यजमानांना हे वाचून दाखवा. त्यांनी तुमच्या त्रासाचं कारण शोधायचं नाहीये. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे, विहिरीवरून पाण्याच्या कळशा त्यांनी किंवा दुसऱ्या कोणी आणायच्या, आणि सासूबाईंना सांगायचं की डॉक्टरांनी आजार आहे असं सांगितलंय. एवढं खूप झालं.

बरं होणार का? तुमच्यासारख्या पेशंटमध्ये बहुतेकांचा त्रास कमी झालेला मी पाहतो, काहींचा जवळजवळ जातो, काहींचा राहतो. ज्यांचा राहतो त्यांचंही आयुष्य पुन्हा सुरू होतं, ते त्रास जायची वाट बघत थांबलेले नसतात. खोटं आश्वासन देणार नाही.

आणि काही चुकून सुटलंय का, ही भीती. अशा निदानांत सुटलेला दुसरा आजार किती वेळा निघतो, याचा २००५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, मेंदू-मज्जासंस्थेच्या अशा लक्षणांपुरता. १९७० नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं. कमी आहे, शून्य नाही. म्हणून दार उघडं ठेवायचं. न ठरवता वजन उतरणं, रात्री ताप आणि घाम, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, काळी किंवा रक्ताची संडास, गिळताना अडकणं, कुठेही नवीन गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, यातलं काही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जायचं. चालताना किंवा चढ चढताना छातीत दाटून येऊन घाम फुटणं, श्रमात बेशुद्ध पडणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यात तर तासही घालवू नका. जुना त्रास असलेल्या बाईलाही हार्ट अटॅक येतो, आणि ‘हिचं नेहमीचंच’ म्हणून घरी ठेवल्यामुळे उशीर झालेला मी पाहिलाय.

राहिला मुलाचा प्रश्न. पुन्हा एमआरआय करायची गरज मला दिसत नाही, कारण पहिल्यानंतर नवीन असं काही घडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पेट स्कॅनही नको. कारणाशिवाय केलेल्या तपासणीत नको ते सापडतं. कंबरेच्या एमआरआयचंच बघा: २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांमध्येही मणक्यांतल्या चकत्यांची झीज २० व्या वर्षी ३७ टक्के आणि ८० व्या वर्षी ९६ टक्के जणांत दिसली. प्रयोगशाळेची नॉर्मल मर्यादाही निरोगी माणसांतले ९५ टक्के बसतील अशी आखलेली असते, त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचीही एखादी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग त्या एकीच्या मागे आणखी सहा महिने जातात. मुलाला म्हणावं, ते पैसे ठेव. फेरिटिन, टीएसएच, बी-१२, गरज वाटली तर होल्टर, आणि उभं राहून नाडी, हे इथेच होईल. तो चतुर्थीला येईल तेव्हा त्याला तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे घेऊन जा. तोवर ते एक पान लिहून ठेवा, आणि मशेरीचं उत्तर त्यात पहिल्या ओळीत असू द्या.